तुटलेला धागा

कामवारी नदीच्या काठी वसलेल्या भिवंडी शहरात नवखा पाहुणा आला, म्हणजे पहिल्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खटखटाट चाललेला असतो; मध्यरात्र उलटली तरी त्याला खंड नसतो. दोन-चार दिवसांनी कानांना त्या आवाजाची सवय होते. मग गंमत अशी होते, की वीज जाऊन माग थांबले, तर त्या शांततेनेच माणूस दचकून जागा होतो.

या मागाचा एक मोठा गुण आहे. त्याचे सारे काम उघड्यावर चालते. मागे तुळईवर गुंडाळलेले हजारो उभे धागे पुढे सरकत येतात. त्यांतले काही वर उचलले जातात, काही खाली दबतात. मधून वाट होते आणि त्या वाटेने धोटा आडवा धागा घेऊन सपकन पलीकडे जातो. फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसवते. पुन्हा वरचे धागे खाली, खालचे वर, आणि धोटा परत. पाच-सात वर्षांचे मूलही दारात उभे राहून अर्धा तास हे पाहील, तर कापड कसे होते ते त्याला कुणी सांगावे लागणार नाही. भिवंडीच्या कित्येक मुलांनी यंत्रशास्त्राचा पहिला धडा असाच दारात उभे राहून घेतला आहे.

परंतु याच शहराच्या बाहेर, काल्हेर, पूर्णा, माणकोली आणि पडघ्याच्या बाजूला, दुसरी एक भिवंडी उभी राहिली आहे. तेथे माग नाहीत. तेथे प्रचंड गोदामे आहेत. देशोदेशीचा माल तेथे येतो आणि लहानमोठ्या गाड्यांतून चहूकडे जातो. त्यात दूरदर्शन संच असतात, संगणक असतात, मोबाइल फोन असतात, घड्याळे असतात. सारे खोक्यांत बंद. आणि खोके उघडले तरी आतली वस्तू बंदच! मोबाइल फोनकडे कितीही टक लावून पाहिले, तरी त्याच्या आत काय हलते, काय थांबते, ते कळत नाही. तेथे धोटा नाही, फणी नाही. जे काही धावते, ते डोळ्यांना न दिसणारे आहे.

माग पाहून कळतो. मग हे कसे कळावे? पाहून नव्हे, तर स्वतः जुळवून. इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याला याहून जवळची वाट नाही, आणि ती वाट माध्यमिक शाळेतल्या मुलांना पेलण्याजोगी आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी हे करून पाहण्यात आले. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे एक शास्त्रज्ञ होते. एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून ते या कोरडवाहू मुलखात राहावयास गेले आणि १९८३ साली त्यांनी तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करताच माणूस शिकतो, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी आखलेल्या शालेय अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष कामाला देऊ लागली. लोखंडाची सांधणी करावी, विजेची जोडणी करावी, शेताची मोजणी करावी, आणि हे करताना पुस्तकातले विज्ञान पुन्हा नव्याने भेटावे, अशी ती योजना होती. पुढे तीच पद्धत महाराष्ट्रातील अनेक शाळांत गेली. डॉ. कलबाग २००३ साली वारले. आश्रमाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.

आता समजा, भिवंडीतील एका विणकराची मुलगी आठवीत शिकते आहे आणि तिच्या शाळेतल्या बाईंनी एके दिवशी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत: नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा एक लाल एलईडी दिवा, आणि अंगावर रंगीत पट्टे असलेला एक चिमुकला रोध. दिवा लावायचा आहे. दिव्याला दोन पाय आहेत, एक लांब आणि एक आखूड. ती उलटा जोडते. दिवा लागत नाही. सुलटा जोडते, लागतो. साधा बल्ब असला भेदभाव करीत नाही. मग हा का करतो? कारण हा दिवा विजेला एकाच दिशेने वाट देतो. एका क्षणात तिला अर्धवाहकाचा मुख्य स्वभाव कळला. व्याख्या मागाहून आली तरी चालेल.

रोध मात्र कशाला? तो नसेल तर दिव्यातून नको इतकी विद्युतधारा जाईल आणि दिवा जळून जाईल. मग किती रोध हवा? येथे गणित मदतीला धावते. बॅटरी नऊ व्होल्टची, त्यांतले सुमारे दोन व्होल्ट दिव्याला लागतात, उरले सात. दिव्यातून पंधरा मिलिअँपिअर विद्युतधारा जावी असे आपण ठरवले, तर सात भागिले शून्य पूर्णांक शून्य एक पाच. उत्तर येते ४६७. बाजारात ४७० ओहमचा रोध मिळतो. त्यावर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात: पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. ओहमचा नियम पुस्तकात तीन अक्षरांचा असतो. येथे तो नियम दिवा वाचवतो, आणि न पाळला तर दिवा घालवतो. नियमाचा धाक असा असावा!

असे काम प्रथम एका भोकाभोकांच्या फळीवर करतात. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. पूर्वी हौशी लोक पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे कुणी हा उद्योग आधी केला असता, तर बिचाऱ्या पोळपाटाचा बळी गेला असता. या फळीवर चूक झाली तरी बिघडत नाही. तार उपटायची आणि दुसऱ्या भोकात खोचायची. जोडणी पक्की ठरली, म्हणजे मग डाख द्यायचा. डाख देणे ही कल्हईवाल्याची आणि सोनाराची जुनी विद्या. येथे कथील आणि शिसे यांची बारीक तार वापरतात. नीट प्रमाणात घेतले तर हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. नवशिक्या मुलांची चूक ठरलेली असते. ती वितळलेले कथील थंड तारेवर टेकवतात. कथील गोळा होऊन बसते. वरून सांधा झालासा दिसतो, पण आतून धरलेला नसतो. आधी तार तापवावी, मग तारेनेच कथील वितळू द्यावे. पक्का डाख चकचकीत दिसतो. तो देताना खिडकी उघडी असावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. आणखी एक गोष्ट बाई पहिल्याच दिवशी बजावतात: आपले सारे प्रयोग बॅटरीवर. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेशी खेळ नाही. ती दुसरी संधी देईलच असे नाही.

सुटे भाग कोठे मिळतात? काही गावातच, दुरुस्तीच्या दुकानांतून आणि भंगारातल्या जुन्या संचांतून. बाकीच्यांसाठी मुंबईची वाट धरावी लागते. ठाणे किंवा कल्याण गाठायचे, लोकल गाडी धरायची, आणि ग्रँट रोडला उतरून डॉ. भडकमकर मार्गावर जायचे. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून लॅमिंग्टन रोड आहे. तेथील चिंचोळ्या दुकानांत रोध, डायोड, ट्रान्झिस्टर असे मांडलेले असतात, जसे वाण्याकडे जिरे-मोहरीचे डबे. दुकानदार हिशेबात तरबेज असतो. काय हवे ते नेमके सांगता आले पाहिजे. ‘ते तीन पायांचे काळे द्या’ म्हटले, तर तो हसेल आणि शंभर प्रकारचे तीन पायांचे काळे पुढे ओतील.

या तीन पायांच्या काळ्या वस्तूची हकिगत ऐकण्यासारखी आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना नावाच्या खनिजाचा स्फटिक वापरून बिनतारी लहरी ओळखण्याचे साधन केले आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपयोगाचे ते फार आरंभीचे उदाहरण होय. पुढे १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यापासून पहिला ट्रान्झिस्टर केला. त्यांना आणि विल्यम शॉक्ली यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रान्झिस्टरचे मर्म कालव्याच्या दरवाजासारखे आहे. दरवाजाचे चाक एक माणूस एका हाताने फिरवतो, आणि त्या जोरावर पाण्याचा लोट सुटतो किंवा अडतो. तशी, एका पायात शिरणारी अगदी थोडी विद्युतधारा दुसऱ्या दोन पायांमधल्या शंभरपट विद्युतधारेला हुकूम सोडते.

मुंबईतच तरुण मंडळींनी हे काम केवढ्या प्रमाणावर केले होते, ते पाहण्यासारखे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक बांधला गेला. १९६० साली तो पुरा होऊन कामाला लागला आणि १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोध होते. आजच्या कोणत्याही मोबाइल फोनपुढे त्याची शक्ती नगण्य ठरेल. पण तो विकत आणून खोक्यातून काढलेला नव्हता. त्यातला प्रत्येक सांधा कुणीतरी विचार करून, हाताने दिलेला होता. आणि तो बिघडला म्हणजे कोठे पाहावे, हे त्या हातांना ठाऊक होते.

आपल्या मुलीसमोर एवढे मोठे काम नाही. तिला बाईंनी एकच प्रश्न घातला आहे: ‘तुझ्या घरी कुणाला उपयोगी पडेल असे काहीतरी कर.’

तिला फार लांब जावे लागत नाही. बाबा एका वेळी सहा माग सांभाळतात. आडवा धागा तुटला, तर माग थांबवण्यासाठी मागावर एक लहानसा काटा असतो. उभा धागा तुटला, तर साध्या यंत्रमागावर बहुधा तशी काही सोय नसते. तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत गुंततो, आणखी दोन-चार तोडतो, आणि कापडात लांबलचक रेघ उमटते. डागी कापडाचे पैसे मजुरीतून कापले जातात. म्हणून बाबा बारा तास या मागाकडून त्या मागाकडे फिरत असतात, डोळे धाग्यांवर खिळवून. नव्या, महाग मागांवर याची युक्ती कारखान्यातूनच बसवून येते: प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत असते, धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचे मंडल पुरे करते, आणि माग थांबतो.

तसेच काही साधेल का? ती एका लाकडी चौकटीत दहा धागे ताणून बांधते. आईच्या केसांच्या दहा काळ्या पिना घेऊन प्रत्येक धाग्यावर एक अडकवते. खाली दोन पितळी पट्ट्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. धागा तुटला की पिन दोन्ही पट्ट्यांवर पडेल, मंडल पुरे होईल, आणि भोंगा वाजेल. आराखडा कागदावर निर्दोष आहे. ती कात्रीने धागा कापते. पिन पडते. भोंगा गप्प.

पुस्तकात असे कधी होत नाही; पुस्तकातले मंडल नेहमी चालते. पण खरे शिक्षण येथे सुरू होते. बॅटरी संपली का? मल्टिमीटर नऊ व्होल्ट दाखवतो. भोंगा बिघडला का? तो थेट जोडला तर ओरडतो. तारा? त्या धड आहेत. राहता राहिली पिन. पिनेच्या दोन टोकांवर मल्टिमीटर टेकवला, तर काटा हलत नाही. लोखंडाची पिन, आणि वीज जात नाही! मग ध्यानात येते: ती काळी आहे, कारण तिला काळा रंग दिलेला आहे. रंगातून वीज कशी जाणार? काचकागदाने टोके घासताच भोंगा खणखणीत वाजतो. कोणता भाग धड आहे हे एकेक करून ठरवत जावे, म्हणजे दोषाला लपायला जागा उरत नाही, ही युक्ती तिला कुणी सांगितलेली नाही. ती तिला त्या पिनेने शिकवली.

वर्गात भोंग्याचे फार कौतुक होते. पण बाबा तो ऐकून हसतात. “अगं, मागांच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. हा तुझा भोंगा कुणाला ऐकू जाणार?”

केवढी साधी गोष्ट! ती भिवंडीत जन्मली, आणि तरी तिने ती विचारात घेतली नव्हती. भोंगा जातो आणि लाल दिवा येतो. मागांच्या खोलीत कान निरुपयोगी असले, तरी डोळे मोकळे आहेत.

मग चौकट आठवडाभर मागाजवळ, पण मागाला न लावता, एका फळीवर ठेवली जाते. आठवड्याने ती धागा कापते, तर दिवा काजव्याइतका मिणमिणतो. कारण उघड आहे: पट्ट्यांवर कापसाची तूस बसली आहे, आणि मागाचे तेल तिच्यात मुरले आहे. पिन आणि पट्टी यांच्यामध्ये मल्टिमीटर कधी पाच हजार, कधी तीस हजार ओहम दाखवतो. पट्ट्या रोज पुसाव्यात हे उत्तर झाले. पण बाबांना आणखी एक काम लावणारी युक्ती ती युक्ती कसली? तीस हजार ओहममधून दिवा पेटण्याइतकी विद्युतधारा जाणार नाही. थोडीशी जाईल. आणि थोडीशी धारा पुरेशी ठरवणारी वस्तू तर दप्तरात पडून आहे. तिने तीन पायांचा ट्रान्झिस्टर मध्ये घातला, त्याच्या हुकमाच्या पायाशी दहा हजार ओहमचा रोध जोडला, आणि तुशीतून झिरपणारी मिलिअँपिअरच्या पाचव्या हिश्शाएवढी धारा दिवा भरपूर पेटवू लागली.

जुलै आला. भिवंडीचा पाऊस म्हणजे भिंतींनाही घाम फुटतो. एके सकाळी पाहावे तो एकही धागा तुटलेला नाही, तरी दिवा अंधुक तेवतो आहे. कोरडा कापूस विजेला वाट देत नाही. दमट कापूस थोडी देतो. ट्रान्झिस्टर बिचारा आज्ञाधारक, ती थोडीही त्याला हुकूमच वाटते. ज्या गुणासाठी त्याला आणले, तोच आता दोष झाला होता. या खेपेला बाईंनाही दोन दिवस विचार करावा लागला. मग ट्रान्झिस्टरच्या हुकमाच्या पायापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत आणखी एक दहा हजार ओहमचा रोध जोडण्यात आला. ओलाव्यातून येणारी धारा इतकी क्षीण असते, की ती त्या आडवाटेने मुकाट्याने निघून जाते. पिन पडली म्हणजे मात्र धारा जास्त येते, ती त्या वाटेत मावत नाही, आणि ट्रान्झिस्टर जागा होतो. दिवा विझला. धागा कापला, दिवा लागला.

आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असतात. त्या दिवशी बाबांनी स्वतः चौकट उलटसुलट करून पाहिली. मग ते म्हणाले, “एका मागावर तीन हजार उभे धागे असतात. तीन हजार पिना कोठून आणशील? आणि तेवढ्यांचे वजन धाग्यांना सोसेल का?”

तिने हा हिशेब केला नव्हता. ती चौकट उचलू लागली, तेव्हा ते पुढे म्हणाले, “थांब. सगळे धागे सारखे तुटत नाहीत. काठाजवळचे अधिक तुटतात. दोन्ही काठांना वीस-वीस धरलेस, तर माझी निम्मी धावपळ वाचेल.”

वीस आणि वीस चाळीस. चाळीस पिना आईच्या डब्यात मिळणार नाहीत, पण बाजारात मिळतील. तिने वही काढली. डाव्या काठाला दोन पट्ट्या, उजव्या काठाला दोन. त्या एकाच दिव्याला जोडाव्यात, की दोन वेगळे दिवे ठेवावेत? एक दिवा ठेवला तर रोध आणि ट्रान्झिस्टर वाचतात. दोन ठेवले तर धागा कोणत्या बाजूला तुटला हे धावण्याआधीच कळते. बाबा मागाच्या डाव्या अंगाला उभे राहिले, उजव्या अंगाला गेले, मान वळवून पाहिले आणि म्हणाले, “दोन.” तिने पहिली आकृती खोडली आणि नव्या पानावर दुसरी काढावयास घेतली.